माफी कुणी मागायची

शेजारच्या घरून आलेलं ताट तुम्ही रिकामं परत पाठवता का?

नाही पाठवत. मला माहीत आहे. चिमूटभर साखर घालता, दोन केळी ठेवता, काहीच नसलं तर मूठभर तांदूळ. हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. आपल्याकडे कुठल्याही घरात हे चालतं, मग त्या घरातला देव कोणताही असो.

आमचं ताट रिकामं आलं. वॉचमनच्या हातून आलं. आत करंजीचा चुरा तसाच चिकटलेला. विसळलंही नव्हतं.

आणि ताटातलं कुठं गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

इंदिरानगरमधली सोसायटी. वर चार मजले, खाली पार्किंग, पार्किंगच्या मागे तळमजल्यावर एकच फ्लॅट. तिथे आम्ही भाड्यानं राहायचो. आई, पप्पा आणि मी. नाताळच्या दिवशी चर्चहून आल्यावर आईनं ताटं भरली. करंज्या, शंकरपाळी, अनारसे, बाजूला केकचा तुकडा. लोकांना वाटतं, आमच्याकडे नाताळात फक्त केक असतो. आमच्याकडे आठवडाभर आधी तळण सुरू होतं आणि घरभर तुमच्या दिवाळीचाच वास असतो. ताटांवर आईनं क्रोशाचे रुमाल झाकले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं ताट मी घेतलं. काकू म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मिसेस.

दार अर्धं उघडलं.

"अगं बाई, एवढं कशाला?"

"नाताळचा फराळ आहे, काकू."

"करंज्या तळल्यात कशात?"

"तेलात."

"नाही, विचारलं आपलं. तुमच्यात काय काय घालतात, आपल्याला माहिती नसतं ना."

ताट त्यांनी कडेला धरून घेतलं. आत नेलं नाही. चपलांच्या रॅकवर ठेवलं. "हॅपी ख्रिसमस हं," म्हणाल्या आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले तर काकू गेटपाशी उभ्या. समोर आमच्या बिल्डिंगचा जिना झाडणाऱ्या मावशी. काकूंच्या हातात वर्तमानपत्राची पुडी. पुडीचा कोपरा तेलानं फाटलेला, त्यातून आईचा अनारसा दिसत होता.

"घे गं," काकू मावशींना म्हणाल्या, "तुमच्याच लोकांचं आहे."

तुमच्याच लोकांचं.

मावशींनी पुडी घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं. दचकल्या नाहीत, लाजल्याही नाहीत. कचऱ्याच्या गाडीकडे पाहावं तसं पाहिलं. आली का, आली.

मी एका लॅबमध्ये काम करते. सकाळी लोकांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. काकूंना डायबेटिस आहे. त्यांच्या शिरा खोल आहेत, पटकन सापडत नाहीत, म्हणून त्या नेहमी मलाच बोलवायच्या. "हिचा हात हलका आहे." त्यांचा हात माझ्या मांडीवर घेऊन मी कितीदा सुई घातली असेल. तेव्हा मी कुणाच्या लोकांतली, हे त्यांना कधी आठवलं नाही.

मी म्हणाले, "काकू, नको होतं तर दारातच सांगायचं. आणि आमची लोकं म्हणजे कोण?"

आवाज चढवला नव्हता. हात हलवले नव्हते. एवढंच बोलले.

"बघा! कशी बोलते बघा! फेकून दिलं का आम्ही? गरिबाच्या मुखी गेलं, तर तेही नको!"

मी गेटबाहेर पडले. संध्याकाळी ताट आलं. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर झालं होतं, "खालची भांडली."

आईनं ताट पाण्यात भिजत घातलं.

"लय बोललीस तू," ती म्हणाली.

"लय? दोन वाक्यं बोलले."

"तिच्या मनात राहील."

"आणि माझ्या मनात राहील त्याचं काय?"

आई मिशनच्या हॉस्पिटलात आया होती. नांदगावकडची. बाळंतिणींची, म्हाताऱ्यांची सगळी घाण तिनं काढली आणि त्यांच्याच तोंडून आडून आडून जात ऐकली. ती ताट घासत म्हणाली, "शिव्या मलापण येतात. हॉस्पिटलात शिकले. पण तिच्या तोंडातलं उष्टं मी माझ्या तोंडात कशाला घेऊ?"

तिनं ताट माझ्या हातात दिलं, मी ते पुसून ठेवलं.

मी मात्र वेगळ्या कागदांवर वाढले. पप्पा एका छोट्या छापखान्यात होते. मशीनवर सकाळी शुभवर्तमानाची पत्रकं निघायची, दुपारी मोर्चाची. बिघडलेल्या प्रती पप्पा घरी आणायचे. पहिली-दुसरीत मी त्यांच्यावर वाचायला शिकले. एका कागदावर, तुझा छळ करणाऱ्यासाठी प्रार्थना कर. दुसऱ्यावर, माणूस म्हणून जगण्याचा हक्क कुणी देत नसतो, तो घ्यावा लागतो. शाई एकच. लहानपणी मला वाटायचं, हे एकाच माणसानं लिहिलंय. मोठी झाल्यावर चर्चमधल्या आणि मोर्चातल्या, दोन्हीकडच्या लोकांनी मला सांगितलं की नाही, एकच काहीतरी निवड. मी निवडलं नाही. पप्पांनीही निवडलं नव्हतं.

पप्पांना आता बोलता येत नाही. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तो तळमजल्यावरचा फ्लॅट आम्ही त्यांच्यासाठी शोधला होता. किती घरं पाहिली. फोनवर "या, बघायला या" म्हणायचे आणि नाव सांगितलं की घर कालच गेलेलं असायचं. हे एक मिळालं. दारातून सरळ पार्किंग. रोज सकाळी पप्पा एक खांब धरायचे, मग काठी, मग पुढचा खांब. शेवटच्या खांबापाशी ऊन यायचं. तिथे खुर्ची टाकून बसायचे. डॉक्टर म्हणाले होते, असंच चालत राहिले तर काठी सुटेल. आमच्या घरात त्या एका वाक्यावर सगळं चाललं होतं. काठी सुटेल.

म्हणून आईला शांतता हवी होती. हे मला तेव्हा कळत होतं. मी गप्प बसले.

पण आई नुसती गप्प बसणाऱ्यांतली नाही. आमच्यात एक रीत आहे, ती सांगायला हवी. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षारस. त्याआधी पाळकसाहेब बजावतात, कुणाशी बिनसलं असेल तर आधी जाऊन मिटवा, मग या. आम्ही पूर्वी ज्या मिशन कंपाउंडमध्ये राहायचो, तिथली माणसं हे अक्षरशः पाळायची. आदल्या शनिवारी संध्याकाळी बायका पदर सावरून एकमेकींच्या दारात जायच्या. नळावरून झोंबाझोंबी झालेल्या, केस उपटलेल्या बायका. चूक कुणाची, हा विषय निघायचा नाही. एक म्हणायची, "माझं चुकलं, क्षमा कर." की लगेच दुसरी म्हणायची, "नाही गं, माझंच चुकलं." मग चहा. ज्याची चूक नाही तोच आधी जातो, यात आमच्याकडे मोठेपणा मानतात.

दुसरीनं तिचं वाक्य म्हणायचंच असतं. म्हटलं नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. आईनंही नाही.

जानेवारी संपत आला तरी काकू आईकडे बघत नव्हत्या. पप्पांची खुर्ची कुणीतरी उचलून मीटरच्या खोलीत टाकायला लागलं होतं. शनिवार आला. उद्या प्रभुभोजन. आईनं साडी बदलली.

"कुठं?"

"वर जाऊन येते."

"आई, नको. त्यांना आपली रीत माहीत नाही."

"माणसाला माणसाची रीत माहीत असते," ती म्हणाली.

मी मागोमाग गेले. तिसऱ्या मजल्यावर चपलाच चपला. काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायका आलेल्या. आम्हाला बोलावणं नव्हतं. मी आईचा हात धरला, पण ती उंबऱ्याशी पोचली होती. आतल्या बायकांनी वळून पाहिलं.

आईनं हात जोडले. "काकू, माझ्या लेकीकडून, आमच्याकडून तुमचं मन दुखलं असंल तर क्षमा करा."

आणि थांबली.

ती दुसऱ्या वाक्यासाठी थांबली होती. मला दिसत होतं. तिचा चेहरा उजळलेला होता, कंपाउंडमधल्या बायकांचा असायचा तसा. तिला खात्री होती. आता काकू पुढे येतील, अहो माझंही चुकलं म्हणतील, हात धरून आत नेतील.

काकू म्हणाल्या, "असू द्या, असू द्या. चूक कळली ना, बास झालं. मुलीला जरा समज द्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "मोठं मन लागतं हो वहिनी, माफ करायला." म्हणजे काकूंचं मन मोठं.

आई अजून उभीच होती.

मग काकूंनी सगळ्यांसमोर, अगदी प्रेमानं विचारलं, "राग मानू नका हं, पण आता विषय निघालाच आहे म्हणून. तुम्ही आधी कोण होतात?"

आई खोटं बोलत नाही. नोकरीतही कधी खोटं बोलली नाही. "आधी आम्ही महार," ती म्हणाली. "आजोबांनी बाप्तिस्मा घेतला."

"अच्छा," काकू म्हणाल्या. "तरीच."

त्यांनी डब्यातून तिळगूळ घेतला. आईनं तळहात पुढे केला. काकूंचा हात खाली आला नाही. वरूनच लाडू सोडला. तो तळहाताच्या कडेला लागून उंबऱ्यावर पडला. आईनं वाकून उचलला. "गोड बोला हं," काकू म्हणाल्या.

त्या खोलीत शिकलेल्या बायका होत्या. एक बँकेत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या टीचर होत्या, त्या शाळेत समतेवर भाषणं बसवतात. सगळ्यांनी पाहिलं. एकीनं पदर सारखा केला. एकीनं वाणाची वाटी उलटी करून भाव पाहिला.

जिना उतरताना आई म्हणाली, "अर्धंच झालं."

दुसऱ्या दिवशी आई चर्चला आली, पण प्रभुभोजनाला पुढे गेली नाही. बाकावर बसून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "मिटलं नाही अजून. मी कशी घेऊ?" अपमान तिचा झाला. उपासही तिनंच धरला.

पुढचं सगळं पटापट झालं. लॅबच्या सरांनी मला सांगितलं, "त्या सोसायटीत आता दुसऱ्याला पाठवतो. त्यांचा फोन आला होता. तू मनाला लावून घेऊ नकोस." मग घरमालकांचा फोन. ते पुण्यात राहतात. चांगला माणूस आहे, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो.

"कमिटीचं म्हणणं आहे, तुमच्याकडे लोक जमतात. गाणी होतात."

"काका, गुरुवारी चर्चच्या चार बायका येतात. पप्पांसाठी प्रार्थना करतात."

"ते मला पटतंय हो. पण वाद नकोत. आणि तुमच्या आईनीच सगळ्यांसमोर माफी मागितली म्हणे. मग काहीतरी असल्याशिवाय का कुणी माफी मागतं?"

माझ्या आईच्या आयुष्यातली सगळ्यात मोठ्या मनाची गोष्ट तिच्याविरुद्ध पुरावा झाली होती.

मी पाळकसाहेबांकडे गेले. वाटलं, ते चार वडील माणसं घेऊन येतील, सेक्रेटरीकाकांशी बोलतील.

"सलाम, पाळकसाहेब." आमच्यात भेटल्यावर सलामच म्हणतात.

"सलाम, बेटा. बस." सगळं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरले, हे मी खोटं सांगणार नाही. मग म्हणाले, "क्षमा करायची. एका गालावर मारलं तर दुसरा."

मी म्हणाले, "प्रभूला महायाजकापुढे उभं केलं, तेव्हा एका शिपायानं तोंडात मारली. तेव्हा प्रभू गप्प बसला नाही. त्यानं विचारलं की मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, नाहीतर मारलंस का? हे तुम्हीच शिकवलंत संडे स्कूलला."

पाळकसाहेबांनी उठून खिडकी लावून घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "तो प्रभू होता, बेटा. आपण भाड्यानं राहणारी माणसं. दिवस बरे नाहीत. गप्प राहा."

मला राग आला नाही. भीती वाटली. या माणसानं मला बाप्तिस्मा दिला होता, आणि तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता.

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या टीचर आमच्याकडे आल्या. पार्किंगच्या बाजूनं, कुणी बघत नाही असं पाहून. हातात वड्यांचा डबा. आईचा हात दोन्ही हातांत घेतला. "मला फार वाईट वाटलं हो त्या दिवशी. मी तर ह्यांना म्हटलंसुद्धा. पण काय करणार, एका बिल्डिंगमध्ये राहायचं." डोळे पुसले. आईनं त्यांना चहा दिला, त्यांचं सांत्वन केलं. माझ्या आईनं. त्यांचं.

मग रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. भाडेकरूंना बोलवत नाहीत, पण आमचाच विषय होता म्हणून बोलावलं. आई आणि मी उभ्या राहिलो. खुर्च्या होत्या, पण कुणी बसा म्हटलं नाही. पप्पा दारात होते, काठी धरून.

सेक्रेटरीकाका सभ्य माणूस. कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "कुणाबद्दल आकस नाही. सगळे धर्म आम्हाला सारखेच. पण बिल्डिंगचं एक वातावरण असतं. तुम्ही महिनाभरात दुसरीकडे बघा. आणि ताई, मनात काही ठेवू नका. तुमच्या धर्मात तर माफच करायचं असतं ना? दुसरा गाल पुढे करायचा!"

हसले सगळे. वाईट हसू नव्हतं. लग्नात हसतात तसं हसले.

माझा देव ते माझ्याच तोंडात बोळा म्हणून कोंबत होते. तेव्हा माझं भय गेलं. कुठं गेलं ते माहीत नाही. मी पुढे झाले.

"हो काका, करतो पुढे. पण दुसरा गाल पुढे करायचा तर मान वळवून तुमच्यासमोर उभं राहावं लागतं. पळून जाऊन गाल पुढे करता येत नाही. म्हणून इथं उभी आहे. आम्ही तुम्हाला क्षमा केली. तुम्ही न मागता केली. आता माझा प्रश्न ऐका. आमचं काय चुकलं ते सांगा. फराळ दिला ते? आजारी माणसासाठी प्रार्थना केली ते? की आई खरं बोलली ते? चुकलं असेल तर दाखवा, आम्ही आज घर सोडतो. आणि नसेल चुकलं, तर का काढताय ते एकानं तरी माझ्याकडे बघून सांगा."

कुणी बघितलं नाही.

काका म्हणाले, "अगं, वाद घालायला बोलावलं नाहीये तुला."

एकजण म्हणाला, "बघितलं? हेच. ही भाषा."

मी टीचरकडे पाहिलं. त्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे. त्यांना मत आहे. त्या मोबाइलमध्ये बघत होत्या. स्क्रीन बंद होती.

काकांनी विचारलं, "सगळ्यांची संमती समजायची?" हात वर करायला सांगितलं नाही. कुणी नाही म्हटलं नाही. संमती झाली.

घरात आल्यावर पप्पा काहीतरी बोलायला लागले. झटक्यानंतर त्यांना दोनचारच शब्द येतात. "हो. पाणी. नको." त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "हो." पुन्हा म्हणाले, "हो, हो." आई तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

आम्ही अजून तिथेच होतो तेव्हा एक गोष्ट घडली. माझ्याऐवजी तिथे जाणारा लॅबमधला मुलगा आजारी पडला. काकूंची शुगर वाढलेली, डॉक्टरांनी ताबडतोब रक्त तपासायला सांगितलेलं. सर म्हणाले, "तुझी इच्छा नसेल तर मी दुसरीकडून कुणाला तरी बघतो." मी बॅग उचलली.

काकू सोफ्यावर होत्या. चेहरा उतरलेला. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी येऊन शीर सापडेना म्हणून दोन्ही हात टोचून ठेवले होते, काळेनिळे झालेले. मला पाहून क्षणभर थांबल्या, मग हात पुढे केला. मी तो मांडीवर घेतला. बोटानं चाचपत राहिले. शीर सापडली. पहिल्याच वेळी सुई गेली.

"तुझा हात हलका आहे गं," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

कापूस दाबून धरत मी म्हणाले, "काकू, मी तुम्हाला क्षमा केलीय. आईनंही. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"कसली क्षमा गं?"

मी त्यांचा चेहरा बघत राहिले. त्यात नाटक नव्हतं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. पुडी, तिळगूळ, घर, यातलं काहीच त्यांच्याकडे गुन्हा म्हणून जमा नव्हतं. त्यांनी आमचं काही वाईट केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. वाईट तर आम्ही बोललो होतो.

मी नळ्यांवर नाव लिहिलं आणि निघाले.

त्या दिवशी माझी उरलीसुरली आशा संपली. तोवर वाटायचं, आपण चांगलं वागू, मग त्यांना कधीतरी लाज वाटेल. पत्रकांतही तेच लिहिलेलं असतं. चांगुलपणानं वाईट जिंकलं जातं. नाही जिंकलं गेलं. माझा हलका हात त्यांना आवडला, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही घर सोडलं.

आता आम्ही जिथे राहतो तिथे तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही. पप्पांना चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. त्यानंतर ते खाली उतरलेले नाहीत. घरात चालायला एक खोली आणि तिचं दार. आधी दारापर्यंत यायचे. आता पलंगाच्या कडेपर्यंत. उजवा पाय पुन्हा ताठ व्हायला लागलाय. डॉक्टर आता काठीबद्दल बोलत नाहीत. आई पहिल्या रविवारी चर्चला येते आणि बाकावर बसून राहते. पाळकसाहेबांनी समजावलं, तुझ्याकडून तू केलंस, पुरे. ती म्हणते, "तिच्याकडून यायचंय."

मी पुढे जाते. मी भाकर घेते, प्याला घेते. माझ्या प्रभूनं मला क्षमा करायला सांगितलंय, मी करते. रोज करावी लागते, कारण रोज सकाळी पप्पांचा पाय चोळताना सगळं पुन्हा ताजं होतं. मी काकूंना शिव्या देणार नाही. त्यांचं वाईट चिंतणार नाही. उद्या त्यांनी हात पुढे केला तर दुखणार नाही अशाच बेतानं सुई घालीन.

पण जी चूक मी केली नाही, तिची माफी यापुढे मी मागणार नाही. माझ्या आईला मागू देणार नाही. ज्यांना आमच्या क्षमेचा अर्थ कबुली असा लागतो, त्यांच्यासमोर क्षमा आणि प्रश्न दोन्ही एकाच श्वासात ठेवीन. घर जाईल. जाऊ दे. अजून जाईल. काम जाईल. मला काही मिळेल म्हणून मी विचारणार नाही. मारलंस का, हे विचारल्यावरही त्याला क्रूसावर चढवलंच. तरी त्यानं विचारलं.

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही, ज्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे, ज्यांना मीटिंगमध्ये बसायला खुर्ची मिळते. आमच्या दारात डबा घेऊन रडायला येऊ नका. आम्ही बोललो की ती भांडणाची भाषा होते. आम्ही क्षमा केली की विचारतात, कसली क्षमा. त्यांनी काय केलं, ते त्यांना आमच्या तोंडून कधीच ऐकू येणार नाही. तुमच्या तोंडून कदाचित येईल. कदाचित येणारही नाही. तरीही एवढं करा. तुमच्या सोसायटीच्या येत्या मीटिंगला जा. कुणा भाडेकरूला काढायचा विषय निघेल, कारण कुणी सांगणार नाही, आणि शेवटी विचारतील, सगळ्यांची संमती समजायची का. तेव्हा उभे राहा. मोठ्यानं म्हणा, "माझी नाही." आणि ते तसंच लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.